एकनंतर ये

मुलुंड पूर्व,
१२ डिसेंबर २०२५

प्रिय सुगंधा,

कशी आहेस? आम्ही बरे. थंडी आली म्हणतात, पण आमचा पंखा चालूच आहे. सुबोधचा खोकला एकदाचा गेला. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर मी हसून वेळ मारून नेते.

मंगळवारी अकराला तू दारात उभी, हातात तुझ्या नव्या कादंबरीची प्रत. मी दाराची साखळीही न काढता म्हटलं, "लिहितेय गं, एकनंतर ये ना." तू रागवायचं सोडून खूश झालीस! "शाब्बास! जमलं की तुला. शेजाऱ्यांच्या किल्ल्या पण परत केल्यास ना?" मी मान डोलावली.

किल्ल्या तेव्हा खुंटीवरच होत्या. अख्ख्या मजल्याच्या. मी घरी असते म्हणजे रिकामीच असते, हे इथे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. कुणाचा सिलिंडर घे, कुणाचं पार्सल घे, कुणाच्या कामवाल्या बाईला दार उघडून दे. आणि तू तिकडे पवईला खोलीचं दार लावलंस की तुझ्या सासूबाईसुद्धा हळू बोलतात. मला तुझ्या त्या दाराचा हेवा वाटतो, असं मी नेहमी चेष्टेत म्हणते. चेष्टा कसली! पोटात दुखतं माझ्या.

मंगळवारी मी लिहीत नव्हते. कोलंबी सोलत होते. तीही समोरच्या कुंदाकाकूंची, कारण त्यांना बँकेत जायचं होतं. तू गेल्यावर थोड्याच वेळात त्या परत आल्या. त्यांना मी दार सताड उघडलं, वर चहाही केला. म्हणजे दुपारी एकपर्यंत कुणालाही दार उघडायचं नाही, हा तू शिकवलेला नियम मी कालपर्यंत एकदाच पाळला, आणि तो तुझ्यावर. ते पुस्तक तुझ्या हातात बघवेना गं मला. तुझं हे तिसरं, आणि माझं पहिलंच अजून अर्ध्यावर अडकलंय.

खाली गेटवर काकू भेटल्या तेव्हा तू प्रत त्यांच्याकडे दिलीस. मिळाली. वाचली. चांगली आहे. वाईट असती तर लगेच फोन केला असता.

आज सकाळी घरोघरी किल्ल्या परत करून आले. काकू म्हणाल्या, "एवढं काय लिहितेस गं तू? आम्ही काय परके झालो?" किल्ली घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वाईट वाटलं. तरी घरी येऊन दार लावलं. मध्ये दोनदा बेल वाजली, मी उठले नाही. पण कादंबरी उघडली की तुझा तो दारातला खुशीचा चेहरा समोर यायचा. म्हणून आधी हे पत्र.

येत्या मंगळवारी ये. अकरालाच ये, मी साखळी काढून ठेवते. तुझ्यासाठी नियम बुधवारपासून. त्यानंतर कधी अकराला आलीस तर तुलाही दार उघडणार नाही. पण तेव्हा मी खरंच लिहीत असेन.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
दिशा