रुमालाखालचा भाव

अप्पा, परवा लातुरात एका लग्नात तुमचे धर्माबादचे जुने दलाल भेटले. थकलेत आता. चार माणसांत, जेवता जेवता, मला म्हणाले, "ताई, तुमच्या इंग्रजीपायी अप्पांचा मलेशियाचा सौदा बुडाला म्हणं." पंगत हसली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट काही मेली नाही. कशी मरेल? तुम्हीच तिला खाऊपिऊ घालून मोठं केलंत.

नवऱ्याला सोडून मी माहेरी आले, तेव्हा माझं काय करायचं हे घरात कुणाला कळत नव्हतं. मग भूकंप झाला. परदेशातून आलेल्या डॉक्टरांसोबत मी लातूरकडच्या गावांत तंबूतंबूतून दुभाषी म्हणून हिंडत होते. तुम्ही डाळीची पोती घेऊन आलात आणि एका गोऱ्या डॉक्टरला मी झापताना ऐकलंत. म्हातारीला न विचारता तिचा हात कापायला निघाला होता तो. जीपमध्ये बसताना तुम्ही म्हणालात, "नांदेडच्या कॉन्व्हेंटात घातल्याचं चीज झालं. तू आपल्या मिरचीच्या पेढीवर बस. तुझी गादी मीच घालतो." हे तुमचे शब्द. मी बनवलेले नाहीत.

चार वर्षांनी तिकडच्या देशांची चलनं कोसळली. आपली मिरची मलेशियाच्या बंदरात उतरलेली, आणि घेणारा व्यापारी म्हणतो, आमच्या रिंगिटची माती झाली, डॉलरचा भाव परवडत नाही. "हा सौदा वाचव, की गादी तुझी," म्हणत तुम्ही मला सोबत नेलंत. बाजारात निम्म्या दुकानांची शटरं खाली. त्या व्यापाऱ्याचा मुलगा इंग्रजी बोलायचा. दोन दिवस मी त्याच्यासमोर ठाण मांडून बसले. तो रडला, चिडला, त्यानं चहा पाजला. शेवटी कबूल झाला: पैसे हप्त्याहप्त्यानं, पण डॉलरमध्ये आणि पूर्ण. सकाळी सही व्हायची होती.

सकाळी त्याचा म्हातारा बाप, म्हणजे तो व्यापारी, स्वतः दुकानात येऊन बसला. मूळचा गुंटूरकडचा निघाला. तुम्ही तेलुगूत सुरू झालात, मिरचीच्या जाती, गुंटूरचा बाजार, कोण गेलं, कोण राहिलं. मग त्यानं खांद्यावरचा रुमाल ओढला, हातावर टाकला आणि त्याखाली बोटांनी भाव करायला तुमचा हात धरला. तुमचे डोळे असे चमकले, जणू तुम्ही धर्माबादच्या मोंढ्यातच बसला आहात. मला म्हणालात, "तू भाईर बस जरा. बायामाणसासमोर भाव होत न्हाई."

दोन दिवस माझ्यासमोर भाव झालाच ना, अप्पा?

मी बाहेर पोत्यावर बसून शिंकत राहिले. तुम्ही हसत आलात. "मिटलं. शंभरातले ऐंशी. म्हाताऱ्याचा मान ठिवला."

"कशातले ऐंशी? डॉलरच्या भावातले, का माल ठरला तेव्हा त्यांच्या पैशात जे होत होते त्यातले?"

"येडी का काय? डॉलरमधलेच की."

"तसं बोललात?"

"रुमालाखाली बोलत असतेत का?"

"मग आत जाऊन विचारा."

"हात दिल्यावर इचारत न्हाईत."

पैसे आले ते माल ठरला तेव्हाच्या रिंगिटच्या हिशेबानं. रिंगिट पडलेलं, त्यामुळे ऐंशीतले निम्मे वाटेतच विरले. त्या म्हाताऱ्यानं फसवलं नाही, त्याला तसंच समजलं होतं. बोटांना आकडा सांगता येतो, चलन सांगता येत नाही. एवढं मी बाहेर बसूनही ओळखलं होतं. तरी पेढीवर लोक विचारायला आले, तेव्हा तुम्ही अडकित्त्यानं सुपारी फोडत म्हणालात, "पोरीला नीट समजावता आलं न्हाई त्याला." मी आत चहा ओतत होते. तुम्हाला ठाऊक होतं, मला ऐकू जातंय. दिवाळीला गादी घातली गेली, धाकट्या भावासाठी.

मी लातूरला निघून आले. तिथं तेव्हा गल्लोगल्ली शिकवणी वर्ग उघडत होते. ज्या इंग्रजीनं तुमचा सौदा बुडाला, त्याच इंग्रजीसाठी आईबाप माझ्या दारात चपला झिजवत होते. निवृत्त होईपर्यंत मी कुणापुढे हात पसरला नाही. पण मला पेढी हवी होती, अप्पा. मिरचीच्या खकाण्यात बसून भाव तोडायचा होता. मला ते येत होतं, आणि ते तुमच्यासमोर सिद्ध झालं होतं.

तर परवाची पंगत. दलाल हसत होते, धाकटा मान खाली घालून भात कालवत होता. खरं काय ते सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. वाक्य तयारही होतं.

मी म्हणाले, "हो काका, माझंच चुकलं तेव्हा."

तेव्हापासून माझ्या अंगाची लाही होते आहे. हे पत्र कुठे घालायची सोय असती तरी घातलं नसतं. मी तुमची बाजू राखली, हे तुम्हाला कळलेलं मला अजिबात चालणार नाही.