तुंबलेल्या टाकीबाबत माझी बाजू

आदरणीय व्हर्नाताई यांना,
धाकटे मेहुणे अर्व्हिड यांचा नमस्कार.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचा गुडघा आहे त्यापेक्षा जास्त दुखत नसेल अशी आशा करतो. कमी दुखत असेल अशी आशा करण्याचं आपलं वय राहिलेलं नाही. तळघरातली भट्टी नीट पेटते ना? छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी ओढून काढत जा. तुमच्या शेजारच्या आळीतल्या गुंडरसनचं छप्पर खाली आलं ते अशाच एका साध्या मंगळवारी. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे झोपलो की उठता येतं. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला पत्र लिहिल्याचं मला तरी आठवत नाही. नाताळच्या कार्डावर माझं नाव असायचं, पण तेही तुमची बहीण मार्लिसच लिहायची. तेव्हा माझं अक्षर बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही.

मार्लिस तुमच्याकडे आहे. निघताना तिने सांगितलं की व्हर्नाच्या गुडघ्याला मदत लागेल. तो गुडघा कधीपासून दुखतोय हे आपल्या तिघांनाही माहीत आहे, त्यामुळे त्यावर मी मान डोलावली. ती परत येणार आहे की नाही हे मला कळत नाही आणि सध्या माझ्या जिवाला तेवढा एकच घोर आहे. फोन केला की ‘थंडी आहे’ म्हणते, मी ‘हो का’ म्हणतो, आणि मग आम्ही दोघंही फोन ठेवतो. पण टाकीची हकिगत तिने तुम्हाला नक्की सांगितली असणार, आणि तिच्या पद्धतीने सांगितली असणार, म्हणजे कमी शब्दांत. कमी शब्दांत सांगितलं की माणूस फार वाईट दिसतो. म्हणून ही माझी बाजू.

घर विकून मोटरहोम, चाकांवरचं घर, घ्यायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे मी ठरवलं आणि मार्लिस गप्प राहिली. (आपल्या उत्तरेकडच्या लोकांत गप्प राहणं हा होकारही असतो आणि नकारही. कुठला होता ते पुढे काही वर्षांनी समजतं.) हिवाळा आला की अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जायचं, उन्हाळ्यात परत यायचं, असा बेत. आता मोटरहोम म्हटलं की त्यात संडास आला, संडासाखाली टाकी आली, आणि ती टाकी भरली की जाड नळी लावून, व्हॉल्व्ह ओढून, जमिनीतल्या गटारात रिकामी करण्याचं काम आलं. हे काम नवऱ्याचं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण मी आजवर एकही बाई ती नळी धरून उभी पाहिली नाही. मला त्याची भीती नव्हती. ताई, मी आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. टाकी, नळी आणि व्हॉल्व्ह याबाबत मला कोणी शिकवावं असं मला वाटत नव्हतं, आणि माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे. दूध आपणहून वाहतं, हा त्यातला फरक माझ्या लक्षात आला नाही.

कागद मार्लिस आणायची. मोटरहोमवाल्यांसाठी म्हणून वेगळा टॉयलेट पेपर मिळतो, एका थराचा, पाण्यात पडला की विरघळणारा. त्या कागदाबद्दल मला काही चांगलं लिहिता येणार नाही. डोळ्यांसमोर धरला तर त्यातून पलीकडचे डोंगर दिसायचे. पाण्यात विरघळायचा हे खरं, पण तो पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच विरघळायला सुरुवात करायचा. मी म्हटलं, माणसाने पहाटे उठून, उणे तीसमध्ये गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करत जन्म काढला, त्याला उतारवयात एवढं तरी मऊ मिळू नये? म्हणून एकदा मार्लिस केस कापायला गेली असताना मी मोठ्या दुकानातून चार थरांचा, उशीसारखा मऊ, वर फुलांची नक्षी उठवलेला कागद आणला. त्याचा गठ्ठा एवढा मोठा होता की तो आंघोळीच्या जागेत उभा करावा लागला आणि आम्ही सिंकपाशी उभं राहून अंग पुसायला लागलो.

मार्लिस भांडली नाही. तिने बिटाच्या लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या, दोन्हींत पाणी भरलं, एकीत तिच्या कागदाचा तुकडा टाकला, दुसरीत माझ्या, झाकणं लावली आणि दोन्ही हातांनी खळखळ हलवल्या. (मोटरहोमवाल्यांत ही परीक्षा सगळेच घेतात. जावयाचीसुद्धा एवढी घेत नाहीत.) तिच्या बरणीत ताक झालं. माझ्या बरणीत कागद जसा गेला तसाच होता, वाळवला असता तर परत वापरता आला असता. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात दर्जा. तिने ती बरणी माझ्या ड्रायव्हरच्या सीटसमोर, काचेपाशी ठेवून दिली. तिथे ती बरेच दिवस होती. मला वाटलं, शोभेला ठेवली आहे.

पण टाकी तुंबली ती कागदामुळे नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे. ती व्हॉल्व्हमुळे तुंबली. अ‍ॅरिझोनात आम्ही मोटरहोमच्या तळावर उतरलो होतो, तिथे प्रत्येक गाडीला गटाराचं स्वतंत्र तोंड होतं. मी विचार केला, टाकी भरायची, मग रिकामी करायची, मग पुन्हा भरायची, हा खटाटोप कशाला? नळी कायमची जोडून ठेवावी आणि व्हॉल्व्ह कायमचा उघडा, घरात असतो तसा. कोणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. आता यात होतं असं की पाणी आल्या आल्या निघून जातं आणि जे पाण्याबरोबर जायला हवं ते मागे बसून राहतं. त्यावर दुसरं येऊन बसतं. मग तिसरं. काही दिवसांनी तिथे टेकडी तयार होते आणि ऊन लागून घट्ट होते. व्हॉल्व्ह मीच उघडा ठेवला होता हे मान्य. पण कागदाचा त्यात दोष नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

शेजारी आयोवाचा डेल्बर्ट होता. तिथे कोणाची टाकी तुंबली की माणसं आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात, कॉफीचे मग घेतात आणि दुसऱ्याच्या दुर्दैवाभोवती बसून सल्ले देतात. कोणी भांडी धुण्याची पावडर सांगितली, कोणी उकळतं पाणी. डेल्बर्ट म्हणाला, बर्फ टाक, आणि खडबडीत रस्त्यावर गाडी पळव, बर्फाचे खडे आतून सगळं खरवडून काढतात. जन्मभर बर्फापासून पळालेला माणूस मी, वाळवंटात जाऊन बर्फाच्या पिशव्या विकत आणल्या आणि संडासात ओतल्या. दुकानातल्या बाईने पार्टी आहे का विचारलं, मी हो म्हटलं. मग मार्लिसला शेजारी बसवून मी ती गाडी तासभर खाचखळग्यांतून पळवली. कपाटं उघडली, बश्या पडल्या, समोरच्या बरणीचं झाकण उडालं आणि ती मार्लिसच्या मांडीवर सांडली. तिने सांडलेला घास उचलावा तसा तो कागद स्कर्टवरून उचलला. अख्खा होता. परत आलो तेव्हा टेकडी जागच्या जागी होती, फक्त गार झाली होती.

आता रविवारचं सांगतो. तिथे चर्च नाही, म्हणून आपली माणसं गाड्यांच्या मधल्या जागेत खुर्च्या मांडून प्रार्थना करतात आणि मार्लिस छोटी पेटी वाजवायची. (तिला ते आवडायचं. त्या सबंध वाळवंटात तिला आवडलेली ती एकच गोष्ट.) डेल्बर्टने मला एक लांब नळी दिली होती, तिच्या तोंडाला फवारा होता. ती संडासातून आत सोडून पाण्याचा जोर लावला की टेकडी फुटते म्हणे. मी हिशेब केला की प्रार्थना संपेपर्यंत पाणी चालू ठेवलं तर काम होईल. टेकडी फुटली नाही तर ते पाणी कुठे जाईल, याचा हिशेब राहिला. दुसऱ्या भजनाच्या वेळी ते आमच्या दारातून बाहेर आलं, पायऱ्या उतरलं आणि वाळूवरून लोकांकडे निघालं. एखादा फुलांच्या नक्षीचा तुकडाही होता त्यात. आपली माणसं कशी आहेत तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनी पाय वर घेतले आणि तिसरं कडवं म्हटलं. पाद्रींनी प्रवचन आटोपतं घेतलं. मार्लिसने शेवटचा सूर पूर्ण वाजवला, पेटी बंद केली, पुस्तक मिटलं. जाताना डेल्बर्ट मला म्हणाला, “आजचं जरा वेगळंच झालं.” याहून कडक शब्द मी आयोवाच्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मी धुवून काढेपर्यंत तिची बॅग भरून झाली होती. मला वाटलं, कागदावरून बोलेल, व्हॉल्व्हवरून बोलेल. तिने तसलं काही काढलं नाही.

“ती बरणी मी तुझ्या नाकासमोर ठेवली होती, अर्व्हिड,” ती म्हणाली. “रोज तू तिच्याआडून रस्ता बघत होतास.”

मी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून उभा होतो. मी म्हटलं, “राहतेस का?”

“नको,” ती म्हणाली.

मग मी हातमोजे काढले आणि तिची बॅग डेल्बर्टच्या गाडीपर्यंत नेऊन दिली. ती विमानतळाकडे गेली आणि मी टाकीकडे. त्यानंतर गाडीत इतकी शांतता आहे की पाण्याचा पंप चालू झाला तरी मी ‘काय म्हणालीस?’ असं विचारतो.

ही झाली माझी बाजू. वाचून तुम्हीच ठरवा, पण फार कडक होऊ नका. गुडघ्याला शेक देत जा, जिना उतरताना कठडा धरत जा. माझी काळजी करू नका, मी ती करतोच आहे.

तुमचा,
अर्व्हिड टोलेफसन

ता. क. मार्लिस गेल्यावर डेल्बर्टने आणि मी लांब सळई घालून टाकी मोकळी केली. सत्य सांगायला हवं म्हणून लिहितो, कागदच होता. एकूण एक. काही ठिकाणी फुलांची नक्षीसुद्धा स्पष्ट दिसत होती. उरलेला गठ्ठा डेल्बर्टला दिला, त्याचं आयोवाला जमिनीवर उभं असलेलं घर आहे. मी आता तिचा पातळ कागद वापरतो. वाईट आहे, पण त्याची सवय होते.

ता. क. दुसरा. एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. आपल्यात कोणी कॉफी विचारली की आपण नको म्हणतो, पुन्हा विचारली की पुन्हा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. पहिल्याच ‘नको’वर किटली उचलून नेणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. मी हे लहानपणापासून पाळत आलो. आणि मार्लिसला मी एकदाच विचारलं. तिने नको म्हटलं आणि मी बॅग उचलली. हे मला न्यू मेक्सिकोतून जाताना लक्षात आलं आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

ता. क. तिसरा. न्यू मेक्सिकोतून कशाला गेलो हे तुम्ही विचाराल. पाकिटावर तिकीट नाही हेही तुम्ही पाहिलं असेल. पत्र मीच तुमच्या दारासमोरच्या टपालपेटीत टाकलं आहे (कायद्याने तसं चालत नाही म्हणतात). गाडी परवापासून तुमच्या चर्चच्या मागे उभी आहे. या थंडीत टाकी, नळी, व्हॉल्व्ह सगळं गोठून दगड झालंय, संडास वापरता येत नाही आणि पेट्रोलपंपावरचा माणूस आता मला बघून तिथल्या संडासाची किल्ली लपवतो. तेव्हा खरी विनंती अशी की तुमचं बाथरूम वापरू द्याल का? पण आधी मार्लिसला विचारा. हे पत्र दुसऱ्यांदा विचारणं समजा. तिसऱ्यांदा मला दारात उभं राहून विचारायचंय.

मी टपालपेटीपाशीच उभा आहे. शक्यतो तिलाच बाहेर पाठवा. ती आत ये म्हणाली तर सवयीने मी दोनदा नको म्हणेन, तेवढं तिने मनावर घेऊ नये. फक्त तिन्ही वेळा जरा भराभर विचारायला सांगा. पत्र एवढं लांबवलं याचा मला आता फार पश्चात्ताप होतोय.