सलमाकाकूंच्या शेजारची जागा

प्रिय काका,

आज ईद. दरवर्षीसारखी सकाळी अवोन्डेलला तुमच्या घरासमोर गाडी लावली, हॉर्नवर हात ठेवला आणि मग लक्षात आलं, की आत आता भाडेकरू राहतात. तुमच्याशिवायची ही पहिली ईद. एकटाच टेकडीवरच्या कब्रस्तानात जाऊन आलो. घरी आल्यावर कोणाशी बोलवेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलोय.

आपली पहिली भेट आठवते? पुण्याहून इथे परदेशात आलेला मी नवखा रेफ्रिजरेशन इंजिनिअर, पेनरोजच्या औद्योगिक भागात तुमच्या कोल्ड स्टोअरमध्ये इंटरव्ह्यूला आलो होतो. मी 'सर' म्हटलं, तुम्ही नको म्हणालात. इथल्यासारखं नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. शेवटी 'काका'वर तडजोड झाली. तुमचा जन्म मलेशियातल्या राजघराण्यातला, हे मला खूप उशिरा फोर्कलिफ्टवाल्या सिओनेने सांगितलं. "युवर काका इज अ प्रिन्स, ब्रो." मला वाटलं, फिरकी घेतोय. राजपुत्र कधी गोठलेल्या माशांची खोकी उचलतो का?

हट्ट म्हणाल तर तुमचा एकच. आम्हा सगळ्यांची सेफ्टी व्हेस्ट पिवळी, तुमची तेवढी नारिंगी. आम्ही मागून हसायचो, म्हाताऱ्याची थेरं म्हणायचो.

मग आमच्या मराठी मंडळाने घोळ घातला. मोदकांचं खोबरं तुम्ही आपल्या फ्रीझरमध्ये ठेवून घेतलंत, म्हणून गणपतीच्या आरतीनंतर शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार केला. शाल निवडली ती झळझळीत पिवळी! तुम्ही हसून खांद्यावर घेतलीत, फोटो काढू दिलेत. गाडीत बसल्यावर मात्र ती उतरवलीत, नीट घडी केलीत आणि म्हणालात, "मिलिंद, यू पीपल मीन वेल."

त्या दिवशी गाडीत तुम्ही सगळं सांगितलंत. तुमच्याकडे पिवळा रंग राजघराण्याचा, राजवाड्यात इतरांनी तो घालून यायचं नाही. तरुणपणी तुम्ही तिकडे सरकारी नोकरीत, जिल्ह्याचे अधिकारी होतात. पुरात गावं बुडाली होती आणि राजवाड्याच्या अंगणात तुम्ही तांदूळ वाटत होतात. एक म्हातारा आला, अंगात उरलेला एकमेव कोरडा शर्ट. तो नेमका पिवळा. पहारेकऱ्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. तुम्ही पोतं घेऊन मागे धावलात, तोवर त्याची होडी पुराच्या पाण्यात निघून गेली होती.

"मग सापडला का तो?" मी विचारलं.

"होडी सापडली," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही तो रंग टाकलात आणि नावामागची पदवीही. सलमाकाकू एका शाळामास्तरांची मुलगी, म्हणून राजवाड्याने लग्न मानलं नाही. तेव्हा नोकरीही सोडलीत आणि इथे येऊन नारळाचं दूध आयात करण्यापासून धंदा उभा केलात. काकू गेल्या तेव्हा तिकडून कोणाचा साधा फोनही आला नाही. त्या दिवशी मला तुमच्या घराण्याचा फार राग आला होता. तुम्हाला आला होता का?

तेव्हापासून दर ईदला मी तुम्हाला त्यांच्या कबरीपाशी नेत असे. तुम्ही गुडघे टेकून गवत उपटायचात, आधी त्यांच्या जागेवरचं, मग शेजारच्या मोकळ्या जागेवरचं. "ही माझी खोली," म्हणायचात. "साफ नको का?"

काका, हे मला सांगितलंत, मग नाझिमला का नाही सांगितलंत? पोटचा मुलगा तो. तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवशी तुमचा पुतण्या विमानाने हजर झाला. राजघराण्याच्या कब्रस्तानात तुम्हाला मानाने न्यायचं, म्हणाला. ज्या नाझिमला उभ्या जन्मात तिकडून कोणी विचारलं नाही, त्याचे डोळे भरून आले. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबांना तुझ्या आईशेजारी झोपायचं होतं.

"डॅडने मला असं कधीच सांगितलं नाही, अंकल," तो म्हणाला. "दे फायनली वॉन्ट अस. प्लीज."

मी कोण? ना नात्याचा, ना धर्माचा. तरी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. त्याने मान फिरवली.

तुमच्यात माणसाला लगेच मातीत ठेवतात ना? कागदपत्रांपायी तुम्हाला कितीतरी दिवस शवागारात राहावं लागलं. आयुष्यभर कोल्ड स्टोअर चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेच आलं. निघताना पुतण्याने पेटीवर पिवळी चादर पसरली. या वेळी ती उतरवून घडी करायला तुमचे हात नव्हते. मी विमानतळाच्या पार्किंगमध्ये बसून रडलो.

आज काकूंच्या कबरीवर गवत माजलं होतं. तुमची नारिंगी व्हेस्ट अंगात घालून ते काढलं. त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तुम्ही कुठे आहात, का नाही आलात. त्याऐवजी नुसतं 'ईद मुबारक' म्हटलं.

पण एक वचन देतो, काका. माझे गुडघे चालतील तोवर दर ईदला येईन. आज काकूंचं गवत काढून झाल्यावर तुमची खोलीही साफ केली. पुढेही करत जाईन. शेजार रिकामा आहे, हे काकूंना माझ्याकडून तरी कळणार नाही.

तुमचा,
मिलिंद