कडू फवारा

सोमवार.
मी, सर्वत्र ‘आजोबा’ म्हणून परिचित, वय वर्षे सत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, निवृत्त मुकादम, आज रुग्णालयाच्या मास्क-तपासणी कक्षात मदतनीस म्हणून रुजू झालो, हे स्वहस्ते लिहितो. कक्ष प्रसन्न आहे. खिडकी मोठी, चहा वेळेवर. परिचारिकेने मास्क चढवावा, डोक्यावर पारदर्शक टोप घ्यावा, मी टोपात कडू फवारा मारावा. जिभेला कडू लागले, म्हणजे मास्कच्या कडेने हवा शिरते. मग दुसरे माप द्यावे. मोठ्या सिस्टर माझी दाढी पाहून म्हणाल्या की, आजोबा, या जंगलावर कुठलाच मास्क बसायचा नाही. मी हसलो नाही. दाढी माझ्या तरुणपणापासूनची आहे.

बुधवार.
माझी सून येथेच परिचारिका होती. गेल्या साथीत आजार घेऊन घरी आली व त्यातच वारली. चेहरा लहानखुरा, मास्क नाकाजवळ उघडा राही. ती सांगे, मामंजी, आमचा स्टोअरकीपर फवाऱ्यात साधे पाणी भरतो. कडू लागायलाच नको, सगळ्या पास, अन् दुसरी मापे मागवण्याची कटकट नको.
तो गृहस्थ अद्याप येथेच आहे. मला दाढीवाले साहेब म्हणतो, चहा पाजतो. ही नोकरी मी त्याच्यासाठीच धरली आहे. त्याला सोडणार नाही.

शुक्रवार.
विलक्षण प्रकार. फवारा मारण्यापूर्वीच परिचारिका कडू, कडू म्हणू लागल्या. खुंटीवरचा रिकामा टोप आतून धुरकट होतो, निवळतो, पुन्हा धुरकट होतो. स्टोअरकीपरने तीनदा चहा ओतून टाकला. दूध नासलंय हो, म्हणाला. त्याच कपात उरलेला चहा मी चाखला. गोड होता.
माझी सून आली आहे. मला आनंद झाला.

शनिवार.
मुलींना अजून कडूच लागते. ते सुनेचे काम, मास्कचे नव्हे. म्हणून सर्वांस पास केले व वॉर्डात धाडले. स्टोअरकीपरला पाणीही घशाखाली उतरत नाही. गालफडे बसली. बरे झाले.

सोमवार.
तो आपण होऊन आला. मास्क लावून टोपात बसतो, निदान गाळलेली हवा तरी गोड लागेल, म्हणाला. टोप चढवला. दार लावले. फवारा मारला नाही.
टोपात दोन श्वास उमटले. एक त्याचा. दुसरा —
तो हात मारतो आहे. टोपाची गळ्याशी बांधायची दोरी मी धरलेली नाही, तरी आवळते. दोरीवर लहान बोटे. सोडवावे काय —
नाही. शाबास, सूनबाई, म्हणालो.

तो निपचित आहे. टोप अजून श्वास घेतो.

जिभेला कडू. मी तर टोपात नाही. मास्क चढवला — दाढीतून येते आहे —
पुरे, म्हणालो तिला. ती विचारते, मामंजी, शनिवारी त्या मुलींना पास कोणी केले —

उपस्थित साक्षीदार : दाराबाहेर मोठ्या सिस्टर, दार ठोठावीत. आत स्टोअरकीपर, तो बोलणार नाही. आणि माझ्या डोक्यावर टोप चढवणारी माझी सू—