बाईची गाडी पूजेत बसली

११ जून १९७७, शनिवार. शहापूर

ही वही घेऊन तीन महिने झाले. पहिल्या पानावर नाव टाकलं – हिरालाल – आणि बस! लिहिणारच होतो. पण मधेच परसरामच्या ट्रकवर रायपूरला गेलो, तिथून उगाच दुर्गला, आणि परत आलो तर पेन हरवला. आज पेन बाईनं दिला. जर्मनीचा आहे. आता सबबच उरली नाही.

बाई म्हणजे हेल्गाबाई. नर्स आहे. जर्मनीहून मोटारीनं – तुर्कस्तान, इराण, कुठलं कुठलं ओलांडत – इथं आली. दोन वर्षं आसगावच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम करणार. मायनं तिला आमची रस्त्याकडची खोली दिली. आणि मला नोकरी लागली – ड्रायव्हर! मॅट्रिक नापास माणसाला इंपोर्टेड गाडी. दादाला जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागायला चार वर्षं लागली, मला चार मिनिटं.

गाडी बघायला गाव लोटलं होतं. बाबुलाल मेस्त्रीनं पुढचं झाकण उघडलं. आत बाईची पेटी आणि मायचे कांदे. "इंजनच नाही ना बाप्पा!" मी मागचं झाकण उघडून इंजन दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, बसवणाऱ्यानं घाईत बसवलं असंल.

१४ जून

बाईनं आज पिवळं पुस्तक दाखवलं. गाडीचा पासपोर्टच म्हणायचा. त्यात वाघा सीमेचा शिक्का – २१ एप्रिल. तिथून सहा महिन्यांत गाडी देशाबाहेर न्यायची, नाहीतर इथं नोंदवायची – इथला नंबर, इथला विमा. दोन्ही जमलं नाही तर कस्टमवाले गाडी घेऊन जाणार.

गाडी गेली तर माझी नोकरी गेली. आणि बाईचं कामही गेलं – औषधांच्या पेट्या घेऊन एसटीनं रोज आसगावला कोण जाणार?

पण २१ ऑक्टोबर म्हणजे बराच वेळ आहे.

२ जुलै

वेळ कुठं आहे! भंडाऱ्याला विम्याच्या कचेरीत गेलो तर भैय्यालालबाबू म्हणतात, आधी गाडीचा नंबर आण. नागपूरला नंबरासाठी गेलो तर म्हणतात, आधी विमा आण. मी आपला कोष्ट्याच्या धोट्यासारखा इकडून तिकडं. लुगडं मात्र विणून होत नाही.

गाडीचं स्टेअरिंग डाव्या बाजूला, भैय्यालालबाबूंना त्याची फार काळजी. डावीकडं बसून पुढच्या ट्रकला मागं टाकायचं तर समोरचं दिसतं कसं? मी सांगितलं, उजवीकडं बाई बसते, डोकं बाहेर काढून बघते आणि सांगते, "ने!" मीच शिकवलं तिला.

"आन् बाई नसली तं?"

"मंग माय बसते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पिवळं पुस्तक चाळलं आणि एका नावावर बोट ठेवलं. गाडी बाईच्या नावावर नाहीच! कोणी डीटर म्हणून आहे. मालकाच्या सहीशिवाय नोंदणी नाही, विमा नाही.

४ जुलै

डीटर म्हणजे बाईचा नवरा! मला आज कळलं. मायला पहिल्या आठवड्यापासून माहीत. मायला जर्मन येत नाही, बाईला मराठी अर्धवट, तरी दोघी तांदूळ निवडत सगळं बोलतात. मायनं सांगितलं – दोघं संगच निघाले. इराणात भांडण झालं. त्याला परत जायचं होतं, हिला पुढं यायचं होतं. "मंग तो बसनं गेला. गाडी हिच्या हातात होती, हे आली."

मी म्हटलं, माय, त्याला चोरी म्हणतात. माय म्हणाली, आणि तू रायपूरला पळाला होता तेव्हा ट्रकवर टाकून दादाची सायकल कोणी नेली होती?

बाईनं सहीसाठी नवऱ्याला पत्र लिहिलं. लिहायला दोन दिवस लागले तिला. टपालात टाकायला मला दिलं.

१३ सप्टेंबर

पोळा. बैल रंगवले. उरलेला रंग माझ्या शर्टावर.

२६ सप्टेंबर

काय करून बसलो मी! पाना शोधायला सीटखाली हात घातला तर पत्र! जुलैचं! त्या दिवशी पोस्टाकडंच निघालो होतो, रस्त्यात कबड्डी चालू होती. आमच्या संघात एक माणूस कमी होता. मग काय झालं ते आठवत नाही. आम्ही जिंकलो एवढं आठवतं.

बाई बिचारी अडीच महिने उत्तराची वाट पाहून राहिली. गुपचूप जाऊन टाकून आलो. कोणाला सांगणार नाही.

३ ऑक्टोबर

सांगितलं. पोटात राहीना. वाटलं रागावेल, मी तयारीच करून गेलो होतो. ती रागावली नाही. हातातली पट्टी गुंडाळायची थांबली.

"टाकली का चिठ्ठी?"

"टाकली."

"त्याचं उत्तर नाही आलं, तं मले बरं वाटत होतं, हिरालाल."

मग तिनं विचारलं, पाकिटामागं आपला पत्ता आहे ना? आहे. शहापूर, जिल्हा भंडारा, मोठ्या अक्षरात. सही पाहिजे म्हणून तिनंच लिहिला होता. आता त्याला कळणार बाई कुठं आहे, आणि गाडीपण.

अडीच महिने जे काम विसरलो ते अजून तीन आठवडे विसरता आलं नसतं का मला?

१४ ऑक्टोबर

नागपूरला कस्टमचे साहेब भेटले. माणूस चांगला निघाला. म्हणाले, सीमेवर बाईनं गाडी आणली ना? मग बाईच्याच अर्जावर तीन महिने मुदत वाढवून देतो. सहीचं मग बघू. फक्त पिवळं पुस्तक वीस तारखेच्या आत आणा. एकवीसला दसरा, कचेरी बंद. आणि तारीख उलटली तर माझ्या हातात काही नाही.

सहा दिवस आहेत. बराच वेळ आहे.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

आंघोळ करून नागपूरला निघणार, तर अंगणात बघतो – मायची पूजा मांडून झाली! नांगराचा फाळ, इळे, दादाचा पाना. गाडी धुऊन झेंडूची माळ, कपाळावर कुंकू. समोर पाट. पाटावर गाडीची चाबी आणि पिवळं पुस्तक, दोन्हींवर हळद, कुंकू, अक्षता.

काल मीच सांगितलं होतं, माय, यंदा गाडीची पूजा जोरात कर. पुस्तकाचं नव्हतं सांगितलं! माय म्हणाली, पोथ्या-पुस्तकं पूजेत ठेवतातच, आणि गाडीची पोथी हीच ना? पूजेतली वस्तू दसऱ्याचं सोनं वाटल्याशिवाय उचलायची नाही.

मी सगळं सांगितलं – साहेब, तारीख, नोकरी. मायनं एवढंच म्हटलं, "तुह्या बापानं इळा उचलला होता नवमीले." बाबांचं अर्धं बोट त्याच नवमीला गेलं.

बाईला बोलावलं. वाटलं, ती तरी उचलेल. तिनं पाटाकडं बघितलं आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग चप्पल काढून हात जोडले आणि मायजवळ बसली.

मी एक तोड काढली आहे. उद्या संध्याकाळी सोनं वाटलं की पुस्तक उचलायचं आणि तडक नागपूरला साहेबांच्या घरी. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या माणसाला कोणी हाकलत नाही. सोनं द्यायचं, पाया पडायचं आणि शिक्का मागायचा. शिक्का ते घरी ठेवतात का, हे काही माहीत नाही.

२१ ऑक्टोबर, दसरा

पाच वाजता नागपूरच्या एसटीतून एक उंच गोरा माणूस फाट्यावर उतरला आणि पाकीट दाखवत विचारत विचारत आमच्या अंगणात आला. पाकीट मी ओळखलं. मायनं ओळखदेख न विचारता त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. तो गाडीच्या माळेकडं बघत राहिला, मग पाटाकडं, मग दारातल्या बाईकडं. मी खुणेनं सांगितलं, चाबी पूजेत आहे. त्यानं मान हलवली. खिशातून त्याच गाडीची दुसरी चाबी काढली – आणि वाकून पाटावर, पहिल्या चाबीजवळ ठेवली.

बाईच्या हातातलं सोनं अजून बाईच्याच हातात आहे.