हेळव्याने न घेतलेलं नाव

आबा, काल लेकीला घेऊन माहेरी आले आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. हेळवी आला होता. बैलावर बसून दारोदार घराण्यांच्या कुळ्या म्हणत फिरणारा तुमच्या वेळचा म्हातारा नव्हे, त्याचा नातू. आपल्या कुंडलच्या ओसरीवर त्याने मूळपुरुषापासून सगळे पुरुष धडाधड म्हटले, तुमच्यानंतर माझ्या भावाचं नाव घेतलं आणि थांबला. एवढी म्हातारी झाले, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

लढाई संपून तुम्ही इटलीहून आलात, त्या सुगीतही हेच झालं होतं. तुम्ही मला पुढ्यात बसवून म्हणताय, "हिचं बी नाव घे की रं." हेळवी हसतोय. "लेकीचं न्हाई धरत जी. ती परक्याच्या कुळीची." थोरले चुलते कडाडतात, "लढाईवर जाऊन याड लागलं व्हय तुला?" मग तुमचंही डोकं फिरतं. "आवं दादा, तिकडं अख्खा रोम ज्याला मूळपुरुष मानतो, त्याचं नाव त्याच्या आयनं ठेवलंय!" लष्करी इस्पितळातल्या पाद्र्याकडून ऐकलेलं तुम्ही सांगत सुटता. ग्रीकांचा तो ऐनेइआस, लॅटिनमध्ये त्याचाच एनेआस झाला. 'ऐनॉस' म्हणजे भयंकर. आई देवी, बाप साधा माणूस. माणसाशी संग झाला याचं तिला भयंकर दुःख, म्हणून पोराला तिनं तेच नाव दिलं. "आयचं दुख मूळपुरुषाच्या नावात चालतं, मग माझी लेक का न्हाई?" "जा मग रोमात ऱ्हायला," चुलते म्हणाले. सगळे खो खो हसले, आणि तुम्ही फेटा उचलून शेताकडे निघून गेलात. नाव काही घेतलं गेलं नाही. पण भरल्या ओसरीत माझ्यासाठी भांडणारा बाप मिळाला, त्याच जोरावर मी शिकले, मास्तरीण झाले.

काल मी उठले. "थांब रं, अजून संपलं न्हाई," म्हटलं, आणि तुमचं, माझं, माझ्या लेकीचं नाव खणखणीत घेतलं. लेक हळूच म्हणाली, "आणि आजीचं?" तुम्ही माझ्यासाठी भांडलात त्या दिवशी आई जोंधळ्याचं सूप घेऊन आपल्या पाठीशीच उभी होती की हो! सातासमुद्रापलीकडच्या आईचं दुःख तुम्हाला तोंडपाठ, आणि हिला काय दुखतं-खुपतं, कधी विचारलंत? मी तरी कुठं विचारलं म्हणा.

हे पत्र काही कुठं जायचं नाही. खरं सांगू, लिहायचं तिलाच होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.