तुमच्या आवाजाची पट्टी

कोपर, डोंबिवली (प.)
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सुमतीताईंना,

पाया पडलेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून नुसता नमस्कार. कळव्याला सगळे बरे असतील. इकडे हेमा ठीक आहे. आमची लेक आणि तुमची विद्यार्थिनी वल्लरी सहामाहीतून सुटली आणि तुम्ही दिलेला मोरावळा तिने एकटीने संपवला.

दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी तुम्ही वाचत असलेल्या जुन्या कादंबरीची बावीस प्रकरणं संगीतासह तयार झाली. सून घर सोडते तिथे मी व्याकूळ मारवा राग ठेवणार होतो. तुम्ही म्हणाला होतात, "अरे श्रीपाद, ती निघण्याआधी सगळ्यांच्या पोळ्या लाटून ठेवते. मारव्यात कुणी पोळ्या लाटतं का?" मी तासभर वाद घातला. आता स्वानंदकडून सतारीवर थोडा पिलू वाजवून घेतला आहे. तुमचंच बरोबर होतं.

फोनवर बोललो असतो, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी जुळवून सांगितलं असतं.

गेल्या सोमवारी शहाडहून काळुरामांचा फोन आला. आपले सर्वांत जुने श्रोते. म्हणाले, "साहेब, ते वाजवणं जरा कमी करा ना."

मी विचारलं, "राग आवडला नाही का?"

"राग बेस हाय. पण बायला धाप लागते, ती तुम्ही झाकताय. आमाला खालून ऐकू येते. बाय बरी हाय ना?"

मी "हो, बरी आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. हे या वर्षातलं माझं दुसरं सरळसरळ खोटं.

पहिलं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त ते खोटं होतं हे ठाऊक नाही. दिवाळीआधी मी कळवलं की रेकॉर्डिंगचं यंत्र बिघडलं आहे, थोडे दिवस थांबू. यंत्राला काहीही झालेलं नाही. परवा तुम्ही हेमाला म्हणालात, "आवाज म्हातारा झाला असेल तर त्याने सरळ सांगावं, मी रुसणार नाही." हेमाने ते मला सांगितलं आणि उत्तरासाठी थांबली. मी भाजीची पिशवी घेऊन खाली गेलो.

ताई, वाचताना मागे जो मंद तंबोरा असतो, तो मी वाचणाऱ्याच्या बोलण्याच्या पट्टीत लावतो, नाहीतर कानाला खुपतो. मार्चमध्ये तुमच्यासाठी पांढरी पाच होती. माझ्या डायरीत नऊ जूनला एकच ओळ आहे: "ताईंचा तंबोरा आज काळी तीन." म्हणजे अर्धा स्वर खाली. कारण लिहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये आणखी अर्धा उतरवला. वाक्याच्या शेवटी धाप लागून आवाज फाटू लागला, तेव्हा तिथे सतार आणली. तुम्हाला म्हणालो, प्रसंगाची गरज आहे. तुम्ही कौतुक केलंत.

घसा बसला तर माणूस आठवड्यात बरा होतो. हे पाच महिने चाललं होतं, आणि ते मला रोज ऐकू येत होतं. तुम्हाला येत नव्हतं, कारण स्वतःचा आवाज माणसाला असा बाहेरून ऐकू येत नाही. मी बोललो असतो तर तुम्ही डॉक्टरकडे गेला असतात आणि डॉक्टरांनी वाचन थांबवलं असतं. जूनमध्ये सोळा प्रकरणं बाकी होती. तुम्ही घाबराल म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. ते तितकंसं खरं नाही. मला पुस्तक पुरं करायचं होतं.

कदाचित काहीच नसेल. पण ते कळायला हवं, आणि जूनमध्येच कळायला हवं होतं.

गुरुवारी चार वाजता ठाण्यात घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी तीन वाजता कळव्याला रिक्षा घेऊन येतो. सोबत मार्च, जून आणि ऑक्टोबरमधलं तुमचं एकेक पान आणतोय, संगीताशिवाय, तुमचा नुसता आवाज. डॉक्टरांनी ऐकावं म्हणून. त्याआधी तुम्हाला ऐकायचं असेल तर आपण दाराशी बसून ऐकू.

माझ्याबरोबर यायचं नसेल तर हेमा येईल. पण जा, ताई. उरलेल्या नऊ प्रकरणांसाठी नाही.

ऐकूनही गप्प राहिलेला,
श्रीपाद